डावा पाय ११, उजवा २७: फिजिओथेरपीच्या १६ आठवड्यांचा अनुभव

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की डाव्या टाचेमागे कोणीतरी दोरी ताणून धरल्यासारखं व्हायचं. भिंतीला हात लावत दहा-बारा पावलं गेले की मोकळं वाटायचं आणि मग दिवसभर काही त्रास नसायचा. पळताना पहिला किलोमीटर दुखायचं, दुसऱ्यात कमी व्हायचं, पाचव्यात तर आठवणही राहायची नाही. म्हणूनच मी तीन महिने तशीच पळत राहिले. मी ४२ वर्षांची आहे. आठ वर्षं पळतेय, आठवड्याला ४०-४५ किलोमीटर. गेली पाच वर्षं आठवड्यातून दोनदा बारबेलही (दोन्ही टोकांना वजनं लावलेला लांब दांडा) उचलते. या दोन्हींपैकी एक सोडायला सांगणारे बरेच भेटतात. दोन्ही चालू ठेवून बरं करणारा फिजिओ मला या वेळी पहिल्यांदाच भेटला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. तिथे १० वेळा अल्ट्रासाउंड मशीनचा उपचार, शेक आणि पोटरीचं मालिश झालं. पाच आठवडे पळणं पूर्ण बंद, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) ‘कायमचे विसरा’ असं सांगितलं. दुखणं गेलं. खरंच गेलं. सहाव्या आठवड्यात ३ किलोमीटर हळू पळले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच दोरी. त्या दिवशी मी रडले. पाच आठवडे वाया गेल्याचं दुःख होतंच, पण यापुढे पळता येणारच नाही अशी धास्ती बसली होती.

नव्या फिजिओंकडची पहिली भेट ५० मिनिटांची होती आणि त्यातली पहिली अर्धी वेळ त्यांनी मला हातही लावला नाही. फक्त प्रश्न. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, “दुखायला लागलं त्याच्या आधीचे चार आठवडे मला दिवसागणिक सांगा.” माझ्या घड्याळात सगळ्या धावांची नोंद होती. दोघांनी मिळून ती चाळली आणि पाचच मिनिटांत मला कारण दिसलं. एकाच पंधरवड्यात मी चढावरचे इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आळीपाळीने पळणं, सुरू केले होते, टाचेकडे कमी जाडीचा सोल असलेले नवे बूट घेतले होते आणि जिममध्ये वॉर्मअपला दोरीवरच्या उड्या घातल्या होत्या. तिन्हींचा भार पोटरी आणि टाचेमागच्या टेंडनवरच, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीवरच, येतो. एकेक करून केलं असतं तर बहुतेक पचलं असतं. आठवड्याचे एकूण किलोमीटर वाढलेच नव्हते, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की भार वाढलाय.

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, हा नियम मी आठ वर्षं पाळत आले होते. त्यांनी सांगितलं की नव्याने पळायला लागलेल्यांवर नेदरलँड्समध्ये या नियमाची चाचणी झाली होती. ते निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि हळूहळू वाढवणाऱ्या गटात दुखापती कमी झालेल्या आढळल्या नाहीत. आकड्याचा नियम पाळला म्हणून शरीर सुरक्षित राहत नाही. कोणत्या अवयवावर काय वाढलं ते बघावं लागतं. मला हे फार पटलं.

मग असे प्रश्न आले ज्यांचा टाचेशी संबंध आहे असं मला कधी वाटलं नसतं. गेल्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का? सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते. घरात कोणाचं कोलेस्टेरॉल लहान वयापासून खूप जास्त आहे का? सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते का, अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का? असेल तर दुखण्याचं मूळ संधिवाताच्या एखाद्या प्रकारात असू शकतं. पाळी नियमित आहे का, व्यायामाच्या मानाने खाणं पुरतंय का? हा शेवटचा प्रश्न आजवर मला एकाही कोचने, एकाही जिम ट्रेनरने विचारला नव्हता. खाणं कमी पडून पाळी चुकायला लागली की हाडं कमकुवत होतात आणि पळणाऱ्या बाईला स्ट्रेस फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडण्याच्या या स्थितीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ असं नाव दिलं. ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते. माझं सगळं ठीक होतं. पण माझ्याबरोबर पळणाऱ्या दोघी जणी डोळ्यांसमोर आल्या आणि त्याच संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले.

तपासणीची सुरुवात त्यांनी धोक्याच्या गोष्टी वगळण्यापासून केली. पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललं का ते पाहिलं. ते हललं नसतं तर टेंडन तुटल्याची शंका होती. नडगीचं हाड आणि टाचेचं हाड बोटाने इंचाइंचाने दाबून पाहिलं. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असं दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर पळणं तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. पुढे सांगणार आहे तो ‘थोडं दुखलं तर चालतं’चा नियम हाडाला लागू नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मग अंगठा आणि तर्जनीत टेंडन धरून वर-वर सरकत गेले. टाचेच्या हाडापासून साधारण ४ सेंटीमीटर वर पोचले आणि मी पाय ओढून घेतला. उजव्या बाजूला तिथे पेन्सिलीसारखं सरळ लागत होतं, डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ. टेंडनच्या मधल्या भागाचं दुखणं, टेंडिनोपॅथी. टाचेच्या हाडाला जिथे टेंडन चिकटतो तिथे दुखत असतं तर व्यायाम थोडे वेगळे असते. तिथे सुरुवातीला टाच पायरीच्या खाली उतरवायची नसते, कारण त्याने टेंडन हाडावर दाबला जातो. हा फरक पहिल्या ठिकाणी कोणी केलाच नव्हता.

यानंतरचा प्रसंग माझ्या आयुष्यभर लक्षात राहील. त्यांनी भिंतीला एक लांब कागद चिकटवला. एका पायावर उभं राहायचं, भिंतीला फक्त बोटांची टोकं लावायची आणि टाच जितकी वर जाईल तितकी उचलायची. पहिल्या वेळी टाच जिथवर गेली तिथे त्यांनी पेनाने रेघ मारली. ती रेघ गाठता येते तोवरच मोजायचं, वेग ठरलेला. उजवा पाय २७. डावा पाय ११. बाराव्याला टाच रेघेच्या दोन बोटं खाली अडकली आणि दुखत नसतानाही वर जाईना. दोन्ही पाय दोन वेगळ्या माणसांचे असावेत असे. ११० किलो डेडलिफ्ट मारणारी मी, माझी डावी पोटरी इतकी कमजोर झालीये याचा मला पत्ता नव्हता. पाच आठवड्यांच्या संपूर्ण विश्रांतीने तिची उरलीसुरली ताकदही गेली होती. पळताना या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा पटींच्या आसपास ताण येतो. माझं वजन ५८ किलो, म्हणजे प्रत्येक पावलाला साडेतीनशे किलो. बसून राहिल्याने दुखणं शांत झालं, पण साडेतीनशे किलो पेलायची तयारी आणखी कमी झाली, आणि म्हणून तीन किलोमीटरमध्येच सगळं परत आलं. त्यांनी रागावून नव्हे, कागदावर आकडेमोड करून हे सांगितलं. इतके दिवस जे गूढ वाटत होतं ते गणित निघालं आणि माझी भीती निम्मी तिथेच संपली.

उपचार म्हणजे भार. दुखऱ्या टेंडनला भार दिल्याने तो बरा होतो, ही गोष्ट १९९८ मध्ये स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी हौशी खेळाडूंवर दाखवून दिली. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली उतरवायची, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, १५चे तीन-तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हिशेब केला तर रोजचे १८०. आल्फ्रेडसन यांचा स्वतःचा टेंडन दुखत होता आणि शस्त्रक्रिया नाकारली गेली, तेव्हा तो तुटावाच म्हणून ते भार टाकत गेले आणि बरे झाले, अशी हकीकत आहे. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात आठवड्यातून फक्त तीनदा, पण जड वजनाने आणि सावकाश केलेल्या व्यायामानेही तितकाच फायदा झाला. फिजिओंनी दोन्ही पर्याय समोर ठेवले आणि विचारलं, “रोज १८० कराल की आठवड्यातून तीनदा वजन उचलाल?” मला बारबेल आवडतो, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी दुसरा निवडला. इतकी वर्षं डॉक्टरांकडे जातेय, पण माझ्या आवडीवरून उपचार ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. उभ्याने खांद्यावर वजन घेऊन, आणि बसून गुडघ्यांवर वजन ठेवून. बसून केलं की पोटरीच्या खोल थरातल्या सोलियस स्नायूवर काम होतं, आणि लांब पल्ल्याला तोच जास्त राबतो. सुरुवात १५च्या सेटने, मग दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवत आकडा कमी, शेवटी ६चे चार सेट. दोन वेळांमध्ये किमान ४८ तास. जड भारानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये बांधणीपेक्षा मोडतोड जास्त चालू असते, नंतर बांधणी पुढे जाते, म्हणून हे अंतर. सहा सेकंदांचा एक रेप, म्हणजे एकदा वर-खाली, ऐकायला सोपा वाटतो. आठव्याला पोटरीत आग होते आणि मनातल्या मनात मोजणं आपोआप वेगात व्हायला लागतं. मी फोनवर ठोके देणारं ॲप लावायला लागले, तेव्हा वेग ताब्यात आला.

दुखण्याचा नियम: व्यायाम करताना किंवा पळताना १० पैकी ५पर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा वाढलेला नको. स्वीडनमध्येच कारीन सिल्बरनागेल यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की या नियमाने पळणं-उड्या चालू ठेवणारे लोक, सुरुवातीचे सहा आठवडे ते बंद ठेवणाऱ्यांइतकेच बरे होतात. मी उशाशी वही ठेवली. पलंगावरून उतरून दहावं पाऊल पडलं की आकडा लिहायचा, दात घासायच्या आधी. पहिल्या आठवड्यातले आकडे ४, ४, ५, ४, ३, ४, ४ असे आहेत. ती वही हाताशी असल्याने दिवसभर टेंडन चाचपत बसायची माझी सवय गेली. सकाळी एकदा विचारायचं, उत्तर लिहायचं, विषय संपला.

पळणं बंद केलं नाही. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, सपाट रस्त्यावर, जुन्या बुटांत. चढ आणि वेग दोन्ही बाजूला. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट तर पहिल्या दिवसापासून चालू. त्यांनी मला वजनाशिवाय स्क्वॉट मारायला लावला, बाजूने बघितलं आणि म्हणाले की यात या टेंडनला घाबरण्यासारखं काही नाही. फक्त प्रत्येक सेटमध्ये तीन रेप हातचे राखा आणि बॉक्सवरच्या उड्या थांबवा. वेळापत्रकही बदललं. आधी मी एक दिवस जोरात पळायची आणि दुसऱ्या दिवशी पायांचं जड वजन, म्हणजे पायांना सुट्टीच नव्हती. आता कठीण पळणं सकाळी आणि जड वजन त्याच दिवशी संध्याकाळी, पुढचा दिवस खरोखर हलका. सगळ्यात जास्त फरक मला या एका बदलाने जाणवला. पळणं आणि वजनं दोन्ही करणाऱ्यांनी हा एक मुद्दा तरी करून बघावा, दुखत नसलं तरी.

सातव्या आठवड्यात चूक झाली. गटाबरोबर पळायला गेले, बरं वाटत होतं, शेवटचे २ किलोमीटर वेगात काढले. दुसऱ्या सकाळी वहीत ६. मला वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मेसेज केला, तासाभरात उत्तर आलं: थांबू नका, तीन दिवस एक पायरी मागे या. टाच अर्ध्यावर उचलून न हलता ४५ सेकंद धरायचं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौथ्या दिवशी आकडा ३ होता, आणि मी जिथे होते तिथून पुढे निघाले. दुखणं वाढलं म्हणजे इजा वाढलीच असं नसतं, हे मी वाचलं होतं. त्या चार दिवसांत अनुभवलं.

उणिवा सांगते. व्यायामाचा छापील कागद वाईट आहे. चित्रं अंगठ्याएवढी, आणि बसून करायच्या व्यायामात वजन मांडीवर कुठे ठेवायचं ते त्यातून कळत नाही. मी पहिले दहा दिवस मांडीच्या मध्यावर ठेवत होते, ते गुडघ्याजवळ हवं होतं. एक व्हिडिओ पाठवला असता तर हे दहा दिवस वाचले असते. मधल्या दोन भेटी सहायकाने घेतल्या. तो मन लावून करत होता, पण माझा तक्ता न वाचताच त्याने पोटरी ताणायचे व्यायाम दिले, जे फिजिओंनी पुढच्या भेटीत काढून टाकले. टाचेखाली ठेवायच्या पाचराविषयी मला स्वतःहून विचारावं लागलं. रोजच्या चालण्यात त्याने लगेच आराम पडला, तर तो पहिल्याच दिवशी सुचवायला हवा होता. एकदा सुया टोचण्याचा उपचारही झाला. त्याचा परिणाम फार टिकत नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, मला तर काहीच जाणवलं नाही, आणि ती वेळ टाचा उचलण्यात गेली असती तर बरं झालं असतं. उड्या आणि दोरी अकराव्या आठवड्यात सुरू झाल्या. माझ्या मते दोन आठवडे आधी चालल्या असत्या, कारण तोवर डावा पाय २० पर्यंत आला होता. वेगात पळणाऱ्याला ताकदीबरोबर टेंडनची स्प्रिंगही परत हवी असते आणि ती उड्यांशिवाय येत नाही.

पण त्या उड्या शिकवण्याची पद्धत पाहून मी थक्क झाले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि फक्त आवाज ऐकला. उजवा पाय ‘टप’, डावा पाय ‘धप्प’. “मॅडम, डाव्याची टाच टेकतेय,” म्हणाले, न बघता. नंतर घरी मी फोनवर आवाज मुद्रित करून तसंच ऐकायला लागले. दोन्ही आवाज सारखे व्हायला तीन आठवडे लागले. पळण्याची लय मोजून मिनिटाला १६२ पावलांवरून १७०पर्यंत नेली, पाच टक्के. लय तेवढी वाढली की पाऊल थोडं आखूड पडतं आणि गुडघा-खुब्यावरचा भार कमी होतो. टेंडनसाठी याची फारशी गरज नव्हती, पण माझा उजवा गुडघा लांब पल्ल्यानंतर कुरकुरायचा तो थांबला.

मध्येच एकदा मी कंबरेचा जुना एमआरआय दाखवला, डिस्क (मणक्यांमधली गादी) फुगलीये असं लिहिलेला. त्याच कागदामुळे तीन वर्षं मी डेडलिफ्टला घाबरत होते, वजन उचलताना श्वास अडकायचा. त्यांनी २०१५ मधल्या एका मोठ्या आढाव्याचे आकडे सांगितले: कंबर अजिबात न दुखणाऱ्यांमध्येही डिस्क फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आहे आणि वयाबरोबर वाढत ऐंशीत ८४ टक्क्यांवर जातं. पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, ताकद शाबूत, लघवी-शौचावर ताबा आहे, हे सगळं तपासूनच ते बोलले. पुढच्या आठवड्यात मी ११५ किलो उचललं.

कोणाला इथे जावं असं सांगेन? ज्याला आठवड्यातून तीनदा पाऊण तास द्यायची तयारी आहे त्याला. पुढच्या रविवारी शर्यत आहे, तोवर काहीतरी करा, असं म्हणणाऱ्याला इथे समाधान मिळणार नाही. टेंडनला १२ आठवडे लागतात आणि पुष्कळदा त्याहून जास्त, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं जातं. टेबलावर झोपून मशीन लावून घ्यायचं असेल तर तेही इथे नाही. आणि पळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून ‘फट’ असा आवाज आला असेल, चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर फिजिओची वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

सोळाव्या आठवड्यात पुन्हा तोच भिंतीवरचा कागद लावला. उजवा २८, डावा २४, डाव्याची टाच शेवटपर्यंत रेघेला. गाठ अजून हाताला लागते, थोडी लहान झालीये. ती राहिली तरी दुखायचं कारण नाही, असं त्यांनी समजावलं. त्या आठवड्यातले सकाळचे आकडे ०, ०, १, ०, ०, ०, ०. आठवड्यातून दोनदा जड काफ रेज (वजन घेऊन टाचा उचलणं) कायम चालू ठेवायचे, नवे बूट आणि चढ एका महिन्यात एकत्र सुरू करायचे नाहीत, एवढं लिहून दिलं. पुढची वेळ दिली नाही. भिंतीवरचा कागद गुंडाळून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, सहा महिन्यांनी घरीच मोजा आणि आकडे कळवा.

काल मोजले. उजवा २९, डावा २८.